आमचा ई ड्राइव्ह आणि १९८३ सालचे ५१२ बाइट

दिवाळीला घरी गेलो की माझ्याकडे दोन कामं ठरलेली असतात. आकाशकंदिलाची वायर गच्चीवरून खाली आणणे आणि बाबांचा कॉम्प्युटर 'बघणे'. हे 'बघणे' आयटीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या नशिबी असतं. आपण पुण्यात बसून कुठल्यातरी परदेशी विमा कंपनीसाठी जावा लिहितो, विंडोजशी आपला संबंध फक्त ऑफिसच्या लॅपटॉपपुरता, हे घरी समजावून सांगण्यात अर्थ नसतो. 'एवढं शिकलास आणि एवढं येत नाही?' ह्या प्रश्नाला उत्तर नाही.

२०२५ च्या दिवाळीत बघण्याला निमित्तही पक्कं होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. ते बाबांनी पेपरात वाचलं होतं, कात्रणही काढून ठेवलं होतं. घरगुती वापरकर्त्यांना नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घ्यायची सोय कंपनीने ठेवली होती, ती मी सांगून पाहिली. बाबा म्हणाले, "जे करायचं ते आत्ताच कर. तू परत कधी उगवणार काय माहीत."

मशीन तसं जुनं नाही. २०१८ मध्ये मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना स्वतः सुटे भाग आणून जोडलेलं. इंटेलच्या आठव्या पिढीचा आय-३, म्हणजे विंडोज ११ च्या यादीत अगदी दारातल्या पायरीवर बसणारा. म्हटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. जेवणं व्हायच्या आत उरकतो.

अडीच दिवस लागले.

तपासणीच्या प्रोग्रॅमने सांगितलं की बाकी सगळं ठीक आहे, पण टीपीएम सापडत नाही आणि सिक्युअर बूट चालू नाही. सोपं होतं. रीस्टार्ट करून बायॉसमध्ये गेलो, टीपीएमचा पर्याय चालू केला, सीएसएम नावाचा एक जुनाट पर्याय बंद केला, सिक्युअर बूट चालू केलं, सेव्ह केलं. मशीन सुरू झालं आणि पुन्हा बायॉसच्याच पडद्यावर येऊन उभं राहिलं. परत रीस्टार्ट. परत तेच. ऑपरेटिंग सिस्टिम नावाची वस्तू ह्या घरात कधी नव्हतीच, असा त्याचा आव.

आता हे असं का झालं ते नीट सांगायचं तर मला तुम्हाला १९८१ सालात न्यावं लागेल. कंटाळा करू नका, तिथे मजा आहे.

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. फ्लोरिडातल्या बोका रॅटनला मोजक्या इंजिनिअरांनी तो सुमारे वर्षभरात उभा केला होता. त्यातले एक डेव्हिड ब्रॅडली. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट ही तीन बटणांची युक्ती ह्यांची. बायॉसचा कोड लिहिण्यातही त्यांचा मोठा हात. कॉम्प्युटर सुरू होताना एक चमत्कारिक अडचण असते. डिस्कवरचा प्रोग्रॅम मेमरीत आणायला आधी मेमरीत एक प्रोग्रॅम हवा. स्वतःच्याच खांद्यावर चढून बसण्यातला प्रकार. त्यावर तोडगा म्हणून मदरबोर्डवरच्या चिपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम कायमचा कोरून ठेवायचा, तो हा बायॉस. त्याने फ्लॉपीचा पहिला सेक्टर, म्हणजे फक्त ५१२ बाइट, वाचायचे, मेमरीत ठरलेल्या जागी ठेवायचे आणि कसलीही चौकशी न करता त्यांच्या हाती कारभार सोपवायचा. ती ठरलेली जागा ७सी००, म्हणजे बरोबर ३१ किलोबाइटची खूण. फ्लॉपीच नसेल तर? तर चिपमध्येच असलेलं बेसिक सुरू व्हायचं. अगदी साध्या मॉडेलमध्ये मेमरी होती १६ किलोबाइट. हार्ड डिस्क नव्हतीच.

ती आली ८ मार्च १९८३ ला, आयबीएम पीसी एक्सटीबरोबर. १० मेगाबाइटची. आज मोबाइलवर काढलेले दोन-चार फोटो टाकले की भरेल एवढी, पण तेव्हा इतकी मोठी की एवढ्या जागेचं एकट्या डॉसने काय करायचं असा प्रश्न पडावा. पीसीसाठी डॉसशिवाय सीपी/एम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टिम अशा आणखी दोन सिस्टिम आयबीएम स्वतःच विकत होती. एकाच डिस्कवर सगळ्यांनी गुण्यागोविंदाने नांदावं म्हणून डिस्कच्या वाटण्या करायची सोय केली गेली. वाटणीचा कागद कुठे ठेवायचा? त्याच पहिल्या सेक्टरमध्ये. ५१२ पैकी ४४६ बाइट कोडला, शेवटचे २ बाइट सहीला (५५ एए) आणि मधल्या ६४ बाइटांत वाटण्यांची नोंद. एका नोंदीला १६ बाइट. चौसष्ट भागिले सोळा, चार.

बस्स. डिस्कचे चारच हिस्से. ह्यात कुणाचा काही गंभीर विचार असेल असं मला वाटत नाही. १० मेगाबाइटचे चार तुकडे कुणाला पुरणार नाहीत? प्रत्येक नोंदीत सेक्टरचा आकडा लिहायला त्यांनी ३२ बिट दिले, म्हणजे ५१२ बाइटांच्या सेक्टरला धरून २ टेराबाइटपर्यंत मोजता येईल. १९८३ मध्ये २ टेराबाइट म्हणजे समुद्राचं पाणी मोजायला केलेलं माप.

हा कागद आयबीएमपुरता राहिला असता तर तिच्याबरोबर म्हातारा झाला असता. पण आयबीएमने बायॉसचा पूर्ण कोड आपल्या मॅन्युअलमध्ये छापला होता. तो थेट उचलणं बेकायदा, म्हणून कॉम्पॅकने तो कोड न पाहिलेल्या लोकांकडून तसाच वागणारा बायॉस नव्याने लिहून घेतला. १९८४ मध्ये फिनिक्सने तसलाच बायॉस कुणालाही विकायला काढला. मग तैवानपासून लॅमिंग्टन रोडपर्यंत जो तो 'आयबीएम कंपॅटिबल' झाला. कंपॅटिबल म्हणजे काय, तर त्या ५१२ बाइटांशी इमान राखणारा.

ह्या व्यवस्थेत एक भोळेपणा होता. पहिल्या सेक्टरमध्ये जे असेल ते चालवायचं, कोण तुम्ही, कुठून आलात, काही विचारायचं नाही. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' व्हायरस फ्लॉपीच्या ह्याच सेक्टरमध्ये जाऊन बसला, आणि त्यात त्यांनी स्वतःचा पत्ता नि फोन नंबरसुद्धा दिला होता! १९९० च्या जूनमध्ये भारतात एक व्हायरस सापडला, तो तर हार्ड डिस्कच्या वाटणीच्या सेक्टरमध्येच घर करायचा. त्याचं नाव 'जोशी'. खरंच. ५ जानेवारीला तो मशीन अडवून धरायचा आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा म्हणून सांगायचा. तुम्ही मुकाट्याने टाइप केलंत की सोडून द्यायचा. जगभरच्या व्हायरसांच्या यादीत आपल्याकडचं इतकं घरगुती आडनाव बघून मला उगाचच बरं वाटलं होतं. बाकी वाढदिवसाच्या शुभेच्छा वसूल करण्याची ही पद्धत आमच्या एका आत्याची आहे, पण तो विषय वेगळा.

तर हा भोळेपणा आणि तो चारचा आकडा, दोन्हीवर इलाज निघाला तो घरगुती मशीनसाठी नव्हे. १९९० च्या दशकाच्या शेवटी इंटेल इटानियम नावाचा मोठ्या सर्व्हरचा प्रोसेसर करत होती. त्याला १६ बिटांचा, १ मेगाबाइटच्या पलीकडे न बघणारा बायॉस चालेना. म्हणून त्यांनी ईएफआय ही नवी व्यवस्था लिहिली. इटानियम पुढे सपशेल आपटला, ईएफआय मात्र जगली. २००५ मध्ये बऱ्याच कंपन्यांनी मिळून ती चालवायला घेतली आणि ती यूईएफआय झाली. डिस्कच्या वाटणीसाठी तिने जीपीटी आणली: चारऐवजी नेहमीच्या मांडणीत १२८ नोंदी, सेक्टर मोजायला ६४ बिट, आणि सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी. २०११ च्या सुमारास त्यात सिक्युअर बूट आलं: कारभार सोपवण्याआधी सही तपासायची. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ते घरोघरी पोचलं आणि २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज ११ ने ते मागून घेतलं. (म्हणून सगळं सुरक्षित झालं असं नाही. सिक्युअर बूट चालू असतानाही आत शिरणारा 'ब्लॅकलोटस' २०२३ च्या मार्चमध्ये ईसेटच्या संशोधकांनी दाखवलाच.)

दरम्यानच्या काळात दोन्ही जगं चालावीत म्हणून मदरबोर्डवाल्यांनी एक दुभाष्या ठेवला. जुना बायॉस असल्याचं सोंग करणारा. तोच सीएसएम. मी ज्याला 'जुनाट पर्याय' म्हणून बंद केला तो.

म्हणजे गुन्हेगार कोण, कळलं असेल. २०१८ मध्ये यूईएफआय असलेल्या कोऱ्या मशीनवर मी विंडोज टाकलं ते कॉलेजच्या हॉस्टेलवर फिरणाऱ्या, जुन्या पद्धतीने बनवलेल्या पेन ड्राइव्हवरून. मशीनने निमूटपणे सोंग घेतलं आणि १९८३ च्या पद्धतीची डिस्क करून दिली. सात वर्षं ते सोंग चालू होतं, आणि मी एका बटणाने ते उतरवलं.

सीएसएम परत चालू केल्यावर विंडोज आलं. आई म्हणाली, झालं ना, मग पानं घेते. झालं नव्हतं. डिस्क जुन्या तक्त्यावरून जीपीटीवर नेण्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये एक छोटा प्रोग्रॅम दिला आहे, एमबीआर-टू-जीपीटी. डेटाला धक्का न लावता काम करतो. मी तो चालवला. त्याने तपासणीतच नकार दिला: डिस्कची मांडणी चालण्यासारखी नाही.

कारण सी, डी, ई.

आपल्याकडे वाढलेल्या कुणालाही हे सांगायला नको. कॉम्प्युटर म्हटला की सी, डी, ई. (ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीची होती, म्हणून हार्ड डिस्क सीपासून सुरू, फ्लॉप्या गेल्या, अक्षरं रिकामीच राहिली.) २००६ मध्ये आमच्याकडे पहिलं मशीन आलं तेव्हा जोडून देणाऱ्या काकांनी मला बजावलं होतं, "सीमध्ये काही ठेवायचं नाही. विंडोज गेलं की सी उडवायचा, डी-ईला कोण हात लावत नाही." मला वाटायचं हा जगाचा नियम आहे. मुळात ह्या प्रथेला एक रोकडं कारण होतं. डॉसच्या फॅट-१६ पद्धतीत एक हिस्सा २ गिगाबाइटच्या वर जाऊच शकत नव्हता, त्यामुळे मोठी डिस्क तोडून घ्यावीच लागे. १९९६ मध्ये फॅट-३२ आली आणि ते कारण संपलं. प्रथा राहिली. काकांना ती त्यांच्या उस्तादाने शिकवली असणार, मला काकांनी, आणि २०१८ मध्ये मी ती डोळे झाकून पाळली.

आता डी आणि ई हे त्या चार मुख्य खणांतले नसतात. चार अपुरे पडणार हे लक्षात आल्यावर १९८७ च्या डॉस ३.३ मध्ये एक पळवाट काढली गेली. चारांपैकी एका खणावर 'एक्सटेंडेड' अशी पाटी लावायची. तो नुसता डबा. त्याच्या आत गेलं की तसलाच एक छोटा तक्ता, त्यात दोनच नोंदी: एक ह्या ड्राइव्हची आणि दुसरी पुढचा तक्ता कुठे आहे त्याची. तिथे गेलं की परत तेच. ओळखलंत? लिंक्ड लिस्ट. इंटरव्ह्यूला आपल्याला उलटी करायला लावतात ती. आमचा ई ड्राइव्ह सात वर्षं लिंक्ड लिस्टच्या शेवटच्या नोडवर राहत होता आणि मला, लिंक्ड लिस्टवर पगार घेणाऱ्या माणसाला, पत्ता नव्हता. एमबीआर-टू-जीपीटीला ही साखळी चालत नाही. सगळे हिस्से मुख्य हवेत, तेही तीनपर्यंतच.

इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? बाजारात जाऊन बाहेरची डिस्क आणली असती, सगळं उतरवून घेतलं असतं आणि मग पुढे गेला असता. पण दुकानं सणाची बंद, आणि माझ्या हातात डिग्री. एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवला आणि डी ड्राइव्हला साखळीतून काढून मुख्य खणात आणायला सांगितलं. प्रोग्रॅमने 'मध्ये बंद करू नका' असं लिहिलं, पट्टी सरकू लागली आणि लाइट गेली. यूपीएस होता. त्याची बॅटरी केव्हाच मेलेली होती आणि तो टेबलाखाली पाय ठेवायला वापरात होता.

लाइट आल्यावर विंडोज सुरू झालं. सी होता. डी होता. ई नव्हता.

बाबांनी मागून विचारलं, "ईमध्ये आजी आहे ना?"

आजी होती. २०१९ च्या उन्हाळ्यात बाबांनी तिच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतल्या होत्या, दुपारी, पंखा बंद करून, चाळीसेक तुकडे. मध्येच ती थांबते, 'पुढचं आठवंना' म्हणते, हसते. २०२१ मध्ये ती गेली. तो मोबाइलही पुढे गेला. ह्या फायली दुसरीकडे कुठे ठेवायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी चार दिवाळ्या पुढे ढकलत आलो होतो. मी म्हटलं, "आहे बाबा, कुठे जात नाही." बाबा काही बोलले नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसले. हे ओरडण्यापेक्षा वाईट.

खरं तर ते वाक्य अगदीच थाप नव्हती. गेलं काय होतं? ई ड्राइव्हचा डेटा नाही, त्याच्याकडे जाणारी १६ बाइटांची नोंद. घर जागेवर, पत्त्याची चिठ्ठी हरवलेली. ह्यावर टेस्टडिस्क नावाचं हत्यार आहे, फ्रान्सच्या क्रिस्तोफ ग्रेनिए ह्यांचं, १९९८ पासून चालत आलेलं आणि सर्वांना खुलं. ते तक्त्यावर विश्वास ठेवत नाही. डिस्कभर फिरून ड्राइव्हच्या खुणा शोधतं. एनटीएफएसचा ड्राइव्ह आपल्या पहिल्या सेक्टरची एक प्रत शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवतो, त्यामुळे दोन्ही टोकं जुळवून हिस्सा कुठून कुठे होता ते कळू शकतं. लॅपटॉपवर लिनक्सचा पेन ड्राइव्ह बनवला, त्यावरून मशीन सुरू केलं (आता विंडोजला डिस्कवर एक अक्षरही लिहू द्यायचं नव्हतं) आणि शोध लावला. झटपट शोधात नुसता डी आला. मग खोल शोध. १ टेराबाइट, फिरणारी डिस्क. रात्रभराचं काम.

त्या रात्री झोप येईना तेव्हा मी फसलेल्या अपग्रेडच्याच कथा वाचत बसलो. विंडोज ९५ चं मला खास कौतुक वाटलं. १३ फ्लॉप्या, आणि सेटअप कुठला हार्डवेअर तपासताना गोठेल ह्याचा नेम नाही. म्हणून प्रत्येक धोक्याची तपासणी करण्याआधी तो डिस्कवर एक नोंद करून ठेवायचा. गोठलाच तर तुम्ही सरळ वीज बंद करून पुन्हा सुरू करायचं, आणि तो ती नोंद वाचून मागच्या वेळी जिथे मेला ती पायरी टाळून पुढे जायचा. आपण मरू शकतो हे गृहीत धरून लिहिलेला प्रोग्रॅम! माझ्यापेक्षा शहाणा.

दुसरी कथा मे २००८ ची. विंडोज एक्सपीचा तिसरा सर्व्हिस पॅक टाकल्यावर एएमडी प्रोसेसरची काही मशीनं सुरू होत, कोसळत, पुन्हा सुरू होत, अखंड. शोधल्यावर काय निघालं? उत्पादकाने कारखान्यात एकच तयार विंडोज इंटेल आणि एएमडी दोन्ही मशीनांवर उतरवलं होतं. त्यामुळे एएमडीच्या मशीनवरही इंटेलचा एक ड्रायव्हर रजिस्ट्रीत चालू राहिलेला. तो इतकी वर्षं गप्प पडून होता. सर्व्हिस पॅकने त्याला जागं केलं. उपाय एका ओळीचा, तो ड्रायव्हर बंद करणे. पण ती ओळ सापडायला, हे मशीन कुणी, कधी, काय उरकून टाकताना बनवलं होतं ते आधी समजावं लागलं.

हे वाचून बरं वाटलं आणि नाहीही. अपग्रेड बिचारं नवीन असतं. फसतं ते कुणीतरी पूर्वी घाईत घेतलेल्या आणि कुठेच न लिहिलेल्या निर्णयाला अडखळून. इथला तो कुणीतरी मीच होतो. आणि माझ्या मागे काका, आणि त्यांच्या मागे चौसष्ट बाइटांत चार नोंदी बसवणारा कुणी. प्रोसेसरची गोष्ट तर आणखी मागची: माझा २०१८ चा आय-३ वीज आल्यावर पहिल्या क्षणी १९७८ च्या ८०८६ सारखा १६ बिटांतच जागा होतो. हे जुनं ओझं टाकायचा प्रस्ताव इंटेलने २०२३ मध्ये मांडला होता. २०२४ च्या डिसेंबरमध्ये तो गुंडाळला.

पहाटे साडेपाचला पडद्यावर एक हिरवी ओळ होती. एनटीएफएस, आकार जुळत होता. आतल्या फायलींची यादी उघडली. 'आजी ओव्या' फोल्डर. बाबा तेव्हा उठलेच होते, त्यांना हाक मारली. ते चष्मा न लावताच पडद्याजवळ आले.

तक्ता लिहिण्याआधी सगळं फोल्डर लॅपटॉपवर घेतलं. मग दुपारी उघडलेल्या दुकानातून २ टेराबाइटची बाहेरची डिस्क आणली, डी आणि ई दोन्ही तिच्यावर उतरवले, आजीला तिसऱ्या ठिकाणीही ठेवलं. त्यानंतर साखळी तोडली, डी-ई पुसले, एमबीआर-टू-जीपीटी चालवला. एका मिनिटाच्या आत झालं. सीएसएम बंद, सिक्युअर बूट चालू. विंडोज आलं. अपग्रेडला तासभर लागला आणि त्यात सांगण्यासारखं काहीही घडलं नाही.

सवय म्हणून नव्या डिस्कचा पहिला सेक्टर हेक्समध्ये उघडून बघितला. जीपीटी झाली तरी तिथे १९८३ चा तक्ता असतोच. त्यात एकच नोंद, संपूर्ण डिस्क व्यापलेली आहे असं सांगणारी, म्हणजे एखाद्या जुन्या प्रोग्रॅमने डिस्क रिकामी समजून तिच्यावर काही लिहू नये. बाकी तीन खण मोकळे. शेवटी ५५ एए.

भाऊबीजेला निघायच्या आधी बाबांनी फाइल एक्सप्लोरर उघडला. मी उरलेल्या जागेचा एकच मोठा डी करून सगळं त्यात ठेवलं होतं. बाबांनी वर-खाली बघितलं.

"ई कुठाय?"

मी सांगायला लागलो की बाबा, आता त्याची गरज नाही, ती फॅट-१६ च्या काळातली पद्धत होती, त्याचं कारण १९९६ लाच... त्यांचा चेहरा बघितला, परत बसलो आणि डीमधून २०० गिगाबाइट तोडून ई करून दिला.